कर्ज काढून शेअर?

पुणे, 10 फेब्रुवारी 2013

चि. ओंकार,


काल रात्री ताईचा फोन आला. तू ब्लॅकबेरीचे शेअर घेतलेस हे तिने कौतुकाने सांगितलं, आणि ठेवता ठेवता म्हणाली, "थोडे बँकेकडून उचललेत म्हणे." तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. खरं आहे का ते?

सप्टेंबरात 7 डॉलरच्या आसपास असलेला भाव जानेवारीत 18 पर्यंत गेला. वॉटर्लूत तुझ्या शेजारीपाजारी त्याच कंपनीची माणसं. मोह पडणारच. पण 2008 मध्ये हाच शेअर 140 च्या वर होता, तो कशाने पडला हे पाहिलंस? फोनची सिस्टिम म्हणजे आठवड्याचा बाजार रे. गिऱ्हाईक असेल तिथे विक्रेता पाल ठोकतो आणि पालं असतील तिथेच गिऱ्हाईक जातं. ब्लॅकबेरी 10 वर 70,000 ॲप, ॲपलकडे 7,75,000. गूगल तर अँड्रॉइड फुकट देतं, त्याची कमाई जाहिरातींवर. उरलेल्या तिसऱ्या जागेसाठी नोकियाला हाताशी धरून मायक्रोसॉफ्टही उभी आहे. हे सगळं बघूनही घ्यायचेत, तर स्वतःच्या पैशाने घे. एवढा शिकलेला मुलगा तू, आणि कर्ज काढून?

2 मार्च 2000 ला खिशात मावणारी यंत्रं बनवणारी पाम कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा मी सांता क्लारात होतो. 38 डॉलरने दिलेला शेअर त्याच दिवशी 165 पर्यंत चढला आणि 95 वर बंद झाला. पामचे जवळजवळ 95 टक्के शेअर तिच्या मूळ कंपनीच्या, थ्रीकॉमच्या हातात, तरी अख्ख्या थ्रीकॉमची किंमत त्या शेअरांहून कमी! आम्ही ऑफिसात कागदावर मांडून पाहिलं होतं. माझ्या खिशातही पाम असायचा. काडीने काढलेलं अक्षर तो बरोबर ओळखायचा. यंत्र उत्तमच होतं. आकडे चुकताहेत हे दिसत असूनही त्याच आठवड्यात मी त्या धंद्यातल्या दुसऱ्या एका कंपनीत पैसे घातले. 2002 मध्ये पामला वीस शेअरांचा एक करावा लागला. मी पैसे घातलेली कंपनी तोवर उरलीही नव्हती.

ते पैसे कुठले, हे ताईलाही ठाऊक नाही. गुहागरच्या घराचे वासे आणि कौलं बदलायला मे महिन्यात आप्पांना पाठवायचे होते ते. माजघरातल्या भिंतीवरचा डाग, ज्याला तू लहानपणी हत्ती म्हणायचास, तो त्याच पावसाळ्यातला. आप्पा रात्ररात्र गळतीखाली पातेली सरकवत बसले आणि मला लिहिलं, 'घाई नाही, सवडीने पाठव.' ते पत्र अजून माझ्या कपाटात आहे.

फार बोललो का रे? रविवारी फोन कर. कर्ज घेतलंच असशील तर आकडा मला सांग, ताईला इतक्यात नको. दोघं मिळून फेडू, मी रागावणार नाही.

तिकडे बर्फ फार पडतोय म्हणतात. कानटोपी घालत जा. मे महिन्यात आलास की गुहागरला जाऊ. यंदा माजघर रंगवायचं आहे, पण हत्तीची भिंत तू येईपर्यंत तशीच ठेवतो.

तुझा,
मामा