थव्याचा पक्षी

हातकणंगले हे कोल्हापूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. कोल्हापूरहून सांगलीकडे जाणारा रस्ता व मिरजेकडे जाणारा लोहमार्ग या गावावरून जातो. जवळच आळत्याचा रामलिंग डोंगर, भोवताली उसाचे मळे, मधून मधून शाळू, भुईमूग व सोयाबीन यांची शेते आणि बांधाबांधावर आंबा, चिंच, कडुनिंब यांची जुनी झाडे, असा हा मुलूख आहे. अशा मुलखात पोपट नसता तरच नवल! दिवस उगवला की झाडाच्या शेंड्यावरून हिरव्या पक्ष्यांचा थवा कलकलाट करीत बाणासारखा सुटतो आणि शेतात उतरतो. सायंकाळी तोच थवा ठरलेल्या झाडावर मुक्कामास परततो. जागेसाठी भांडणे होतात, समजुती होतात आणि काळोख दाटल्यावर सारे झाड एकदम शांत होते.

या पक्ष्याला मराठीने अनेक नावे दिली आहेत. कोणी त्याला राघू म्हणतो, कोणी कीर म्हणतो. लाडात आला म्हणजे तो मिठू होतो. संस्कृतात त्याला शुक म्हणतात. त्याची चोच लाल व बाकदार असते. पायाची दोन बोटे पुढे व दोन मागे वळलेली असतात. त्यामुळे फांदी घट्ट धरणे त्याला सोपे जाते. चढताना तो चोचीचाही पायासारखा उपयोग करतो. नराच्या गळ्याभोवती वयाच्या तिसऱ्या वर्षाच्या सुमारास काळ्या व गुलाबी रंगाची कंठी उमटते. मादीला अशी ठळक कंठी नसते. पोपटाला 'कंठ फुटला' असे म्हणतात ते या कंठीवरून. मात्र कंठ फुटल्यावाचून पोपट बोलत नाही, ही समजूत खरी नव्हे.

शेतकऱ्याचे मत विचारले, तर तो पोपटाविषयी फारसे चांगले बोलणार नाही. शाळूची कणसे दाण्यावर आली की पोपटांचा थवा उतरतो. खातो थोडे आणि नासाडी करतो अधिक. पेरूच्या बागेत एक फळ पुरते न खाता तो दुसऱ्यावर चोच मारतो. म्हणून माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणारे राखणदार पूर्वीपासून शेतात दिसत आले आहेत. पण ज्या पोपटाला शेतात गोफणीने हाकलले जाते, त्याच पोपटाला घरात मात्र मानाने बोलावले जाते. मनुष्याच्या मनातील ही विसंगती मोठी मौजेची आहे.

पोपट घरात आला की त्या घराचा दिनक्रमच बदलतो. सकाळी दुधाचे भांडे वाजले की तो हाक मारतो. मुले शाळेतून परतली की पंख फडफडवतो. इचलकरंजीच्या यंत्रमागावरील पाळी संपवून घरी येणाऱ्या माणसाची पावले तो दारातच ओळखतो. ज्या घरात वृद्ध आजी दुपारभर एकट्या असतात, तेथे तर तो त्यांचा सोबतीच होतो. आजी 'विठ्ठल विठ्ठल' म्हणतात, तोही म्हणतो. आजी खोकल्या, तर तोही खोकून दाखवतो! घरची माणसे त्याला तळहातावरील फोडाप्रमाणे जपतात. एक दिवस त्याने खाल्ले नाही, तर सर्वांच्या जिवाला घोर लागतो.

परंतु पोपट बोलतो तरी का? या प्रश्नाचे उत्तर त्याच्या थव्यात आहे. पोपट हा एकांतप्रिय पक्षी नव्हे. रानात तो सोबत्यांना साद घालतो व त्यांची साद ऐकतो. एकाने धोक्याची हाक दिली की सारे उडतात. पिंजऱ्यात आलेल्या पोपटाला थवा उरत नाही. मग घरातील माणसे हाच त्याचा थवा होतो आणि माणसांचे शब्द हीच त्या थव्याची साद होते. जे तो बोलतो, ते कौतुकासाठी नव्हे. आपणास कोणी तरी आपले म्हणावे, यासाठी बोलतो.

अमेरिकेतील आयरीन पेपरबर्ग या विदुषींनी या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास केला. १९७७ साली त्यांनी आफ्रिकेतील करड्या जातीचा एक पोपट आणला व त्याचे नाव ॲलेक्स असे ठेवले. त्याला शिकवण्याची रीत निराळी होती. दोन माणसे त्याच्यासमोर बसून एखाद्या वस्तूविषयी एकमेकांशी बोलत. ते संभाषण पाहून ॲलेक्सला त्यात भाग घ्यावासा वाटे. अशा रीतीने तो शंभराहून अधिक शब्द शिकला. रंग व आकार ओळखू लागला आणि सहापर्यंत वस्तू मोजून सांगू लागला. २००७ साली तो मरण पावला. अर्थ न जाणता केलेल्या घोकंपट्टीला मराठीत 'पोपटपंची' म्हणतात. परंतु संगत व संवाद मिळाला, तर पोपटदेखील पोपटपंचीच्या पुढे जातो, हे ॲलेक्सने दाखवून दिले.

घरातील पोपटाचे कौतुक करताना तो तेथे कसा आला, हे सहसा कोणी विचारत नाही. पोपट जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. साधारणपणे हिवाळा सरता सरता त्याच्या विणीचा हंगाम सुरू होतो. पिले उडू लागण्यापूर्वीच पारधी झाडावर चढून ढोलीत हात घालतो. अंगावर पुरती पिसे न आलेली पिले टोपलीत कोंबून बाजारात नेली जातात. वाटेत ऊन, भूक व गुदमर यांनी कित्येक मरतात. जे जगते, ते पिंजऱ्यात दिसते. जी मरतात, ती कोणास दिसत नाहीत.

हे दुःख फार पूर्वी एका थोर कवीने ओळखले होते. सातव्या शतकात हर्षाच्या पदरी असलेल्या बाणभट्टाने 'कादंबरी' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. मराठीत कादंबरी हा शब्द रूढ झाला तो याच ग्रंथाच्या नावावरून. त्या ग्रंथात वैशंपायन नावाचा पोपट शूद्रक राजाला आपली कथा सांगतो. विंध्याच्या रानात एका प्रचंड सावरीच्या झाडावर असंख्य पोपट राहत होते. एके दिवशी एक म्हातारा शबर त्या झाडावर चढला आणि ढोलीढोलीतून पिले ओढून काढू लागला. वैशंपायनाच्या वृद्ध पित्याने पिलाला पंखांखाली घेतले. पिता मारला गेला, पिलू मात्र वाळक्या पानांच्या ढिगावर पडून वाचले. पुढे सोन्याच्या पिंजऱ्यातून हाच पोपट राजसभेत आणला गेला. सभेतील लोकांना पिंजऱ्याचे सोने दिसले. त्यामागील रिकामी झालेली ढोली पोपटाच्या मुखानेच कळली.

ज्ञानेश्वर महाराजांनीही ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात पोपटाचा दृष्टान्त दिला आहे. पोपट पकडण्यासाठी फिरती नळी टांगून ठेवीत. पोपट तीवर बसला की त्याच्या भाराने नळी फिरे आणि तो उलटा लोंबकळे. वास्तविक त्याला कोणी बांधलेले नसे. पाय सोडले असते, तर तो सहज उडाला असता. पण आपण अडकलो, या भ्रमाने तो नळी अधिकच घट्ट धरी. मनुष्य भ्रमाने स्वतःला कसा बांधून घेतो, हे सांगण्यासाठी हा दृष्टान्त आहे. आजच्या पोपटाच्या बाबतीत मात्र नळी धरून ठेवणारा पोपट नव्हे. ज्याने प्रेमापोटी रानातला पक्षी पिंजऱ्यात ठेवला आहे, त्याचीच मूठ सुटत नाही.

ही मूठ सुटावी म्हणून शासनाने कायदा केला आहे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा संमत झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने त्याची बंधने अधिक कडक झाली. भारताच्या रानातील पोपट पकडणे, विकणे, विकत घेणे अथवा घरात बाळगणे हा आता गुन्हा आहे व त्यास शिक्षाही आहे. ऑस्ट्रेलियातील बजरीगर व कॉकाटील, आफ्रिकेतील लव्हबर्ड अशा पिंजऱ्यातच पिढ्यान् पिढ्या वाढलेल्या परदेशी पक्ष्यांची गोष्ट वेगळी. ते पाळता येतात. तथापि आंतरराष्ट्रीय कराराच्या सूचीत ज्या जाती आहेत, त्यांची शासनाकडे नोंद करावी लागते. त्याविषयीचे नियम २०२४ साली लागू झाले.

परवानगी असली म्हणजे कर्तव्य संपले, असे नाही. ज्याने थव्यातील पक्षी घरी आणला, त्याने त्याचा थवा झाले पाहिजे. केवळ हरभऱ्याची डाळ, सूर्यफुलाच्या बिया व मिरच्या यांवर पोपटाचे पोषण होत नाही. मिरची त्याला तिखट लागत नाही, म्हणून तो ती आवडीने खातो इतकेच. त्याला राळा, बाजरी यांसारखी धान्ये, पालेभाजी, गाजर व ताजी फळे हवीत. चॉकलेट व ॲव्होकॅडो हे फळ त्याला विषासमान आहेत. नॉनस्टिक तवा फार तापला, तर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी मरू शकतो. म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये. पिंजरा रोज स्वच्छ करून हात धुवावेत, कारण वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसालाही ज्वर येऊ शकतो. रात्री दहा-बारा तास शांत झोप आणि दिवसा खेळ व सोबत यांची त्याला गरज असते. पक्षी एकटा पडला, तर तो स्वतःचीच पिसे उपटू लागतो. पंख फुगवून कोपऱ्यात बसणारा पक्षी बहुधा आजारी असतो. त्याला त्वरित पशुवैद्याकडे न्यावे.

हे सर्व एकट्या घराला नेहमीच जमते असे नाही. येथे शेजारधर्म उपयोगी पडतो. एक कुटुंब पंढरपूरला वारीस गेले, तर दुसऱ्याने त्यांच्या पक्ष्याचे दाणापाणी पाहावे. ज्याने आजारी पक्षी बरा केला आहे, त्याने नवख्याला लक्षणे सांगावीत. कोणाचा पक्षी खिडकीतून निसटला, तर गल्लीतल्या मुलांनी झाडे धुंडाळावीत आणि सापडताच मालकाला कळवावे. पक्षी दगावला, तर 'एका पाखरासाठी काय रडता?' असे म्हणून कोणाचे दुःख हलके लेखू नये. पक्षी पाळणाऱ्यांचाही असा एक थवा असावा.

या थव्याची खरी कसोटी एका अवघड प्रसंगी लागते. ज्या घरात अजाणतेपणी रानचा पोपट पाळला गेला आहे, तेथे केवळ दोष देऊन भागत नाही. तसेच, कायदा कळला म्हणून पिंजऱ्याचे दार उघडून त्याला एकदम सोडून देणेही योग्य नव्हे. लहानपणापासून माणसाच्या हातचे खाल्लेल्या पोपटाला चारा शोधता येत नाही, ससाणा ओळखता येत नाही, लांब उडण्याचे बळ पंखांत नसते. असे स्वातंत्र्य म्हणजे मरणच. अशा वेळी महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर दूरध्वनी करून सल्ला घ्यावा. जाणकार मंडळी त्याची तपासणी करून, शक्य असल्यास हळूहळू त्याला उडण्यास व चारा शोधण्यास शिकवून रानात सोडतात. आजींना हा वियोग सोपा जाणार नाही. त्या दिवशी शेजाऱ्यांनी त्यांच्याजवळ बसावे. अंगणात पाण्याचे पसरट भांडे ठेवून द्यावे. पाण्यावर येणारे पक्षी कोणाच्याही मालकीचे नसतात. पण ज्यांना त्यांची ओढ आहे, त्यांना ते रोज भेटतात.

आणि पोपटांना यायचे असेल, तर ढोली असलेली झाडे शिल्लक राहावयास हवीत. बांधावरचा पोखरलेला जुना आंबा शेतकऱ्याला निरुपयोगी वाटतो, वाटसरूला कुरूप दिसतो. पोपटाला मात्र त्यातच घर दिसते. पिंजरा माणसाला बनवता येतो, ढोली मात्र काळच घडवतो. असे एक झाड राखणे म्हणजे एका थव्याला गावात ठाव देणे होय.

शब्दार्थ

ढोली – झाडाच्या खोडातील पोकळी. कंठी – गळ्याभोवतीचे वळे. माळा – शेतराखणीसाठी उभारलेला उंच मांडव. शबर – एक वनवासी जमात. दृष्टान्त – समजावून सांगण्यासाठी दिलेले उदाहरण. ठाव – आश्रय, जागा.

स्वाध्याय

१. 'जे तो बोलतो, ते कौतुकासाठी नव्हे', असे पाठात का म्हटले आहे?
२. ॲलेक्सला शिकवण्याची रीत कोणती होती?
३. ज्ञानेश्वरांच्या दृष्टान्तातील पोपट व आजचा पक्षीपालक यांची तुलना करा.
४. पाळलेला रानपोपट एकदम सोडून देणे योग्य का नव्हे?
५. वाक्यांत उपयोग करा : तळहातावरील फोडाप्रमाणे जपणे, जिवाला घोर लागणे, पोपटपंची करणे.
६. उपक्रम : आपल्या गावातील ढोली असलेल्या जुन्या झाडांची यादी करा. कोणत्या झाडावर कोणते पक्षी येतात, याची महिनाभर दुरून नोंद ठेवा.