नोंदींची चाळणी आणि रिकामा रकाना

धान्य चाळून झाले की जाणती गृहिणी खाली पडलेला कोंडाही एकवार हातात घेऊन पाहते. त्यात चुकून दाणे तर गेले नाहीत ना! संगणकावर नोंदी चाळणाऱ्यानेही ही सवय लावून घ्यावयास हवी. ती कशासाठी, हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, एका न्यासाकडे १०० विद्यार्थ्यांची यादी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ, म्हणजे एक नोंद. नाव, गाव, इयत्ता, अन्यत्र शिष्यवृत्ती मिळते काय, असे तिचे रकाने. रकान्यातील मूल्य पाहून हव्या तेवढ्याच नोंदी पुढे आणणे, यालाच ‘फिल्टर’ लावणे म्हणतात.

माहिती अशा तक्त्यांत मांडण्याचे शास्त्र आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडले. त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ साली त्यासाठी एक भाषा सुचविली. तिचेच पुढील रूप म्हणजे एस्क्यूएल. व्यापारी विश्लेषणाची पुष्कळ साधने आजही पडद्याआड याच भाषेत माहिती मागवितात.

आता आपल्या यादीत शिष्यवृत्तीच्या रकान्यात ४० ठिकाणी ‘होय’, ४५ ठिकाणी ‘नाही’ असे लिहिले आहे. १५ रकाने रिकामेच राहिले आहेत. ‘होय’ नसलेले सर्व विद्यार्थी दाखव, असे आपण एस्क्यूएलला सांगितले, तर किती नावे येतील? आपण म्हणाल, ६०. प्रत्यक्षात येतात ४५!

कारण असे की, रिकामा रकाना म्हणजे एस्क्यूएलच्या लेखी ‘अज्ञात’. अज्ञात हे ‘होय’ नाही काय, या प्रश्नाचे उत्तरही अज्ञातच. चाळणीतून पुढे जाते ते फक्त निश्चित खरे ठरलेले. म्हणून ती १५ मुले ‘होय’च्या यादीत नाहीत आणि दुसऱ्या यादीतही नाहीत. यंत्र चूक दाखवीत नाही. यादी नीटनेटकी दिसते. ज्या घरी अर्ज भरून देणारे कोणी नव्हते, तेथील मूलच कदाचित त्यांत असेल.

उपाय सोपा आहे. ‘होय नसलेले, किंवा रकाना रिकामा असलेले’ अशी जोडअट घालावी; म्हणजे ६० नावे येतात.

‘आणि’, ‘किंवा’ एकत्र आले तर कंस घालण्यास विसरू नये. ‘इंदूर किंवा देवास आणि दहावी’ असे लिहिल्यास यंत्र ‘आणि’ आधी जोडते. मग देवासचे दहावीचे विद्यार्थी आणि इंदूरचे झाडून सारे विद्यार्थी येतात.

रिकाम्या रकान्याची रीत सर्वच साधनांत सारखी नसते. तेव्हा आलेल्या व वगळलेल्या नोंदी मोजून बेरीज मूळ संख्येशी ताडून पाहावी. बेरीज जुळल्याखेरीज यादीवर सही करू नये.