ग्राफच्या आत डोकावण्याचा खर्च

टेन्सरफ्लोचा डीबगर वापरायला एक रुपयाही लागत नाही. गूगलने नोव्हेंबर २०१५ मध्ये टेन्सरफ्लो अपाची परवान्याखाली सर्वांना खुलं केलं. डीबगर त्याच संचात येतो आणि त्याची माहिती पडद्यावर दाखवणारा टेन्सरबोर्डही मोफतच आहे. खर्च होतो तो भाड्याच्या जीपीयूवर, डिस्कवर आणि आपल्या वेळेवर. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी खिशातले पैसे घालून जीपीयू घेणारे विद्यार्थी आणि दोन-चार जणांच्या छोट्या कंपन्या यांना हा खर्च खरोखर जाणवतो. हा हिशेब त्यांच्यासाठी मांडतो आहे.

मुळात असा वेगळा डीबगर लागतोच का? आपण लिहिलेलं फंक्शन 'टीएफ डॉट फंक्शन'मध्ये गुंडाळलं की पायथनच्या ओळी पहिल्या फेरीत वाचल्या जातात, त्यांचा ग्राफ तयार होतो आणि पुढे तो ग्राफच धावत राहतो. त्यामुळे साधा 'प्रिंट' एकदा छापून गप्प होतो. ब्रेकपॉइंट लावला तर तोही ग्राफ बनताना थांबतो, आकडेमोड होताना थांबत नाही. चूक मात्र आकडेमोडीत असते. चार हजाराव्या पायरीला लॉसच्या जागी 'नॅन' दिसतं, म्हणजे तिथे संख्याच उरलेली नसते, आणि ते कोणत्या ओळीतून आलं हे कळायला मार्ग नसतो.

अशा वेळी लगेच डीबगरकडे धावू नका. आधी फुकटचे आणि हलके उपाय करून पाहा. 'प्रिंट'ऐवजी 'टीएफ डॉट प्रिंट' लिहिलं की ते ग्राफचाच भाग होतं आणि प्रत्येक फेरीत छापलं जातं. 'रन फंक्शन्स ईगरली' हा पर्याय चालू केला की ग्राफ बाजूला राहतो आणि कोड ओळीओळीने चालतो. मग नेहमीचा पायथन डीबगर पुरतो. वेग बराच घटतो, म्हणून हे काम लहान बॅच घेऊन स्वतःच्या लॅपटॉपवरच करावं. डेटा पुरवणाऱ्या 'टीएफ डॉट डेटा'च्या साखळीला हा पर्याय लागू होत नाही, हे लक्षात ठेवा. तिसरा उपाय 'इनेबल चेक न्यूमरिक्स'. एका ओळीचा आदेश आहे. पहिलं अनंत किंवा नॅन दिसताच कार्यक्रम थांबतो आणि ते तुमच्या कोडमधल्या कोणत्या ओळीतून आलं ते सांगतो. माझ्या अनुभवात बहुतेकांचं काम इथेच होतं.

दोष सापडतो तो साधारण असा. सॉफ्टमॅक्सला दिलेल्या आकड्यांत फरक खूप वाढला, ३२ बिटांच्या हिशेबात सुमारे १०४ च्या पुढे गेला, की लहान शक्यता नेमकी शून्य होते. शून्याचा लॉग उणे अनंत. त्याला योग्य उत्तराच्या तक्त्यातल्या शून्याने गुणलं की नॅन. लॉस फंक्शनला 'फ्रॉम लॉजिट्स' सांगून कच्चे आकडे थेट दिले, की हा दोष जातो. १६ बिटांत काम करत असाल तर ६५,५०४ ही कमाल मर्यादा आधी तपासा. त्यापलीकडचा आकडा अनंत होतो.

एवढं करूनही उलगडा झाला नाही, किंवा नॅन नसताना आकडे हळूहळू बिघडत असतील, तर मग डीबगर व्ही२ घ्या. तो टेन्सरबोर्डच्या आत उघडतो. धोक्याच्या सूचना, पायथनची कालरेषा, ग्राफची अंमलबजावणी, ग्राफची रचना आणि मूळ कोड एकाच पानावर दिसतात. सूचनेवर क्लिक केलं की नॅन देणारी क्रिया आणि तिला कोणी काय पुरवलं ते उलगडत मागे जाता येतं. त्यासाठी कार्यक्रमाच्या सुरुवातीला 'इनेबल डंप डीबग इन्फो' ही एक ओळ घालायची. या ओळीत तुम्ही कोणता प्रकार निवडता, त्यावर पुढचं सगळं बिल ठरतं.

'नो टेन्सर' हा सर्वांत स्वस्त: काय चाललं एवढंच नोंदतो, मूल्यं नोंदत नाही. 'कर्ट हेल्थ' प्रत्येक टेन्सरमागे नॅन किंवा अनंत आहे की नाही, एवढंच सांगतो. 'कन्साइज हेल्थ' ते किती आहेत ते मोजतो. 'फुल हेल्थ' ऋण, धन, शून्य अशी वर्गवारीही देतो. त्यात टेन्सरमागे ११ आकडे असतात. शेवटचा 'फुल टेन्सर', जो टेन्सर जसाच्या तसा डिस्कवर उतरवतो.

हा फरक केवढा आहे? व्हीजीजी१६ हे चित्रं ओळखणारं जुनं, परिचित मॉडेल घ्या. त्याच्या पहिल्या थराचं उत्तर प्रत्येक चित्रामागे २२४ गुणिले २२४ गुणिले ६४ एवढं असतं. बॅच ३२ चित्रांची धरली तर १० कोटी २७ लाखांहून जास्त आकडे, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे ४११ मेगाबाइट. हा एका पायरीतला एकच टेन्सर. २० जीबी जागा ४९ व्या पायरीला भरते, आणि हजार पायऱ्यांना ४११ जीबी लागतात. याच टेन्सरचा 'फुल हेल्थ' मधला हिशेब ११ आकड्यांत आटोपतो. म्हणून माझा सल्ला ठाम आहे: 'फुल टेन्सर' पूर्ण मॉडेलवर कधीच लावू नका. त्याच आदेशात क्रियांच्या नावांची आणि आकड्यांच्या प्रकाराची गाळणी लावता येते. आधी हेल्थच्या प्रकारांनी संशयित क्रिया शोधा, मग तेवढीच क्रिया गाळणीत ठेवून पूर्ण मूल्यं पाहा.

आणखी एक बाब सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यापायी माझ्या ओळखीच्या दोन विद्यार्थ्यांचं एका रात्रीचं भाडं वाया गेलं. डीबगर अंमलबजावणीच्या ताज्या १००० नोंदीच मेमरीत फिरत्या ठेवतो आणि फ्लश करण्याचा आदेश दिल्याशिवाय त्या डिस्कवर लिहीत नाही. त्यांचा कार्यक्रम नॅन आल्यानंतरही तासभर चालत राहिला. सकाळी हाती आलेल्या सगळ्या नोंदी नॅननंतरच्या होत्या. पहिलं नॅन केव्हाच पुसलं गेलं होतं. बफरचा आकार उणे १ दिला की सगळं थेट लिहिलं जातं. वेग कमी होतो, पण माहिती हरवत नाही. सोबत केरासचा 'टर्मिनेट ऑन नॅन' हा कॉलबॅक लावा. लॉस नॅन झाला की प्रशिक्षण तिथेच थांबतं आणि भाड्याचं मीटरही तुम्हाला बंद करता येतं.

भाड्याचा हिशेब करू. समजा जीपीयू ताशी ५० रुपयांना आहे, चार हजार पायऱ्यांना दोन तास लागतात आणि डीबगर लावल्यावर वेग चौपट मंदावतो. पहिल्यापासून चालवलं तर आठ तास, ४०० रुपये. तेच चेकपॉइंट राखून ठेवले असतील आणि बिघाडाच्या ५० पायऱ्या आधीपासून सुरू केलं, तर सहा मिनिटं आणि पाच रुपये. मात्र रँडम सीड आणि डेटाचा क्रम आधीच पक्का केलेला हवा, नाहीतर दोष असलेली बॅच पुन्हा त्याच जागी येणार नाही. परदेशी सेवेच्या डॉलरमधल्या दरावर १८ टक्के जीएसटी आणि कार्डाचं परकी चलनाचं शुल्क धरायला विसरू नका. नोंदी घरी उतरवून घेण्याची गरज नाही. टेन्सरबोर्ड भाड्याच्या यंत्रावरच चालवून एसएसएचने ६००६ हा पोर्ट आपल्या लॅपटॉपवर आणला, की डेटा बाहेर नेण्याचं मोठं शुल्क वाचतं.

या नोंदींच्या फोल्डरमध्ये तुमच्या कोडची प्रतही असते, आणि 'फुल टेन्सर' मध्ये मूळ डेटा. रुग्णांचे एक्स-रे किंवा ग्राहकांची माहिती वापरत असाल तर ते फोल्डर मदतीसाठी कुणालाही पाठवू नका. काम झालं की पुसून टाका.

पैसे घालवण्याची एक जागा उरते, शिकवण्या. पहिला डीबगर फेब्रुवारी २०१७ च्या टेन्सरफ्लो १.० सोबत आला. त्यात सेशनला डीबगरचं वेष्टण घालून काळ्या पडद्यावर आदेश द्यावे लागत. सप्टेंबर २०१९ मध्ये २.० आलं आणि नेहमीच्या वापरातून सेशन गेलं. तरीही जुन्या पुस्तकांत आणि ध्वनिचित्र अभ्यासक्रमांत तीच पद्धत सापडते. अनुक्रमणिकेत 'सेशन' दिसलं तर तो अभ्यासक्रम विकत घेऊ नका. टेन्सरफ्लोच्या अधिकृत संकेतस्थळावर डीबगर व्ही२ चा धडा नमुना कोडसह मोफत आहे. तो साध्या लॅपटॉपवर चालतो आणि त्यात मुद्दाम घातलेलं नॅन तुम्हाला स्वतः शोधायचं असतं. भाड्याचं यंत्र सुरू करण्याआधी एक संध्याकाळ त्याला द्या.