दृष्टीची परीक्षा

ज्या मुलाला लहानपणापासून अंधुकच दिसते, त्याला आपणांस कमी दिसते हे ठाऊकच नसते. सर्वांना असेच दिसत असावे, अशी त्याची समजूत असते. म्हणून ते तक्रार करीत नाही. फळ्यावरील अक्षरे चुकीची उतरविते, पुस्तक नाकाशी धरते आणि ‘धांदरट’ ही पदवी मात्र फुकट मिळविते!

एकाच डोळ्यातील दोष तर अधिक फसवा. चांगला डोळा सारे काम उरकतो आणि दुसऱ्याकडून येणारे अस्पष्ट चित्र मेंदू हळूहळू ध्यानात घेईनासा होतो. यालाच ‘आळशी डोळा’ म्हणतात. वयाच्या ७-८ वर्षांच्या आत चष्मा देऊन व चांगल्या डोळ्यावर रोज काही वेळ पट्टी लावून तो बहुधा सुधारता येतो. पुढे ते कठीण होत जाते. म्हणूनच नेत्रवैद्य जन्मानंतर, पुन्हा ३ ते ५ वर्षांच्या दरम्यान आणि शाळेत गेल्यावर वेळोवेळी तपासणी करावयास सांगतात.

हॉलंडमधील नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ साली तयार केलेल्या तक्त्यावरील अक्षरे ६ मीटर अंतरावरून वाचून घेतात. अक्षरओळख नसलेल्या बालकांना चित्रे दाखवितात. एकेक डोळा झाकून वाचावयाचे असते; परंतु बोटांच्या फटीतून पाहणारे चतुर विद्यार्थी तेथेही भेटतातच, म्हणून डोळा तळहाताने झाकावयास लावतात.