माल्दिनीच्या निरोपाला शिट्ट्या का?

प्रश्न : पाओलो माल्दिनी जन्मभर मिलान या एकाच क्लबकडून खेळला. मग त्याला ‘बॅलन डोर’ एकदाही कसा मिळाला नाही? आणि निरोपाच्या सामन्यात त्याच्याच चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली, हे खरं का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खरं आहे, पण आधी बॅलन डोरचं. वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा हा मान आजवर फक्त तीन बचावपटूंच्या वाट्याला आला : बेकेनबाउर (१९७२ आणि १९७६), झामर (१९९६) आणि कानावारो (२००६). माल्दिनी १९९४ आणि २००३ मध्ये तिसरा आला. कानावारोच्या हाती त्या वर्षी विश्वचषक होता. माल्दिनीच्या इटलीने १९९४ चा अंतिम सामना पेनल्टींवर गमावला आणि २००२ नंतर तो देशाकडून खेळलाच नाही. चार वर्षांनी इटली जिंकली!

शिवाय गोल मोजता येतात, न झालेले गोल मोजायचे कसे? माल्दिनीची खासियत हीच. मुळात उजव्या पायाचा हा गडी डाव्या बगलेवर खेळायचा. समोरच्याला चेंडू मिळण्याआधीच हा वाटेत उभा, त्यामुळे घसरून चेंडू हिसकावण्याची वेळ क्वचितच यायची. पडद्यावर दिसायचं एवढंच की आघाडीपटूने चेंडू मागे दिला. याचं कोण कौतुक करणार? मिलानकडून ९०२ सामने, पाच युरोपियन कप. माझ्या मते १९९४ चा मान त्यालाच मिळायला हवा होता.

आता शिट्ट्या. २४ मे २००९, सान सिरो, रोमाविरुद्धचा सामना. माल्दिनी मैदानाला निरोपाची फेरी मारत होता. स्टेडियम टाळ्या वाजवत होतं, पण कट्टर समर्थकांच्या स्टँडमधून शिट्ट्या आल्या (इटलीत शिट्टी म्हणजे नापसंती). तिथे मिलानचा आधीचा कर्णधार बारेसी याची ६ नंबरची भली मोठी जर्सी झळकली आणि घोषणा झाल्या : कॅप्टन एकच, बारेसी! २००५ ला इस्तंबूलमध्ये युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध तीन गोलांची आघाडी घालवून मिलान हरला, तेव्हापासून या मंडळींशी माल्दिनीचं बिनसलं होतं. गंमत म्हणजे त्या सामन्यातला पहिलाच गोल, तोही पहिल्याच मिनिटाला, माल्दिनीचा होता. हा माणूस या गटांची मर्जी राखायला कधी गेला नाही, हेही खुपत असणार.

बारेसीही बचावपटूच, मग त्याच्यावर एवढं प्रेम का? ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मिलान दोनदा दुसऱ्या श्रेणीत घसरला, तेव्हा तो क्लब सोडून गेला नाही. माल्दिनी मात्र मिलानचाच जुना कर्णधार चेझारे माल्दिनीचा मुलगा. तो १९८५ मध्ये संघात आला, तेव्हा मिलान वर परतला होता. पडत्या काळात सोबत राहिलेल्याला चाहते जास्त मानतात. हा हिशेब न्यायाचा नाही, पण स्टँडमध्ये तोच चालतो.

आठवड्याभराने, ३१ मे रोजी, माल्दिनी शेवटचा सामना फ्लॉरेन्सला खेळला. तिथे फिओरेंतिनाच्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या चाहत्यांनी त्याला टाळ्यांच्या कडकडाटात निरोप दिला.