इंजिनाची नाडी

तुम्ही सायकलवरून जात आहात. चाकातून एकाएकी कटकट असा आवाज येऊ लागतो. तुम्ही खाली उतरता, वाकून पाहता. चाकाच्या तारांत एखादी काडी अडकलेली असते. ती काढून टाकता आणि पुढे निघता.

वैमानिकाला असे करता येत नाही. आकाशात थांबून खाली उतरण्याची सोय नसते. इतकेच नव्हे, तर बहुतेक मोठ्या प्रवासी विमानांत त्याला आपल्या जागेवरून इंजिन दिसतही नाही. ते मागे, पंखांखाली असते. मग इंजिनात काही शिरले आणि इजा झाली, तर त्याला ते कळणार कसे?

आधी हे पाहू, की इंजिनात वस्तू शिरते कशी. जेट इंजिन सतत हवा आत ओढत असते. त्याच्या तोंडाशी एक मोठा पंखा असतो. एअरबस ए-320 या विमानाला लावल्या जाणाऱ्या एका इंजिनाचा पंखा सुमारे पावणेदोन मीटर व्यासाचा, म्हणजे उंच माणसाएवढा असतो. त्याला 36 पाती असतात आणि पूर्ण वेगात तो मिनिटाला सुमारे 5,000 फेरे घेतो. त्या वेळी पात्याची टोके आवाजापेक्षाही अधिक वेगाने फिरत असतात. हवेबरोबर धावपट्टीवरचा खडा, एखादा सुटलेला स्क्रू, बर्फाचा तुकडा किंवा उडता पक्षीही आत जातो. एवढ्या वेगात लहानशा खड्याचाही तडाखा जबर बसतो. विमानतळावरचे लोक अशा वस्तूला 'परकी वस्तू' म्हणतात. घरातही परका माणूस न विचारता शिरला, तर गडबड होतेच!

कधी कधी इजा फार मोठी असते. 15 जानेवारी 2009 रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून एका ए-320 विमानाने उड्डाण केले. ते सुमारे 2,800 फूट उंचीवर असताना कॅनडा गूस जातीच्या रानहंसांचा थवा समोर आला. एकेका पक्ष्याचे वजन साडेतीन-चार किलो. दोन्ही इंजिनांत पक्षी शिरले आणि दोन्ही इंजिनांची शक्ती जवळजवळ नाहीशी झाली. विमानात 155 माणसे होती. वैमानिकांच्या हाती उरली होती जेमतेम साडेतीन मिनिटे.

इंजिनांची गती घसरल्याचे त्यांना समोरच्या पडद्यावर दिसत होते. पण आतली आग केवळ विझली आहे, की आतली पाती मोडून गेली आहेत, हे पडदा सांगत नव्हता. आग विझली असेल, तर इंजिन पुन्हा सुरू करता येते. म्हणून कप्तान सुलेनबर्गर विमान सांभाळत असताना सहवैमानिक स्काइल्स इंजिने सुरू करण्याची खटपट करत राहिले. वस्तुतः ती इंजिने सुरू होण्याच्या पलीकडे गेली होती. अखेर कप्तानाने विमान हडसन नदीच्या पाण्यावर उतरवले. सर्वच्या सर्व 155 जण वाचले. त्या कौशल्याची कीर्ती जगभर झाली, पण चौकशी करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट टिपून ठेवली. इंजिन अजून चालण्याजोगे आहे की नाही, हे वैमानिकाला सांगणारे साधन तयार करा, अशी शिफारस त्यांनी केली.

तुम्ही आजारी पडता, तेव्हा हकीमसाहेब तुमची नाडी पाहतात. उर्दूत तुम्ही तिला नब्ज म्हणता. पोट फाडून आत न पाहताही नाडीवरून त्यांना पुष्कळ काही समजते. इंजिनाचीही नाडी पाहता येते. ते काम करणाऱ्या लहान उपकरणांना संवेदक किंवा सेन्सर म्हणतात.

सर्वांत महत्त्वाचा संवेदक थरथर ओळखणारा. छताच्या पंख्याचे एक पाते वाकले, की सारा पंखा डुगडुगू लागतो, हे तुम्ही पाहिले असेल. इंजिनाचेही तसेच. एका पात्याचा टवका उडाला, की तोल बिघडतो आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर इंजिनाला एक हिसका बसतो. संवेदकात एका विशेष पदार्थाचा लहान तुकडा असतो. त्याच्यावर दाब पडला, की वीज निर्माण होते. तुमच्या स्वयंपाकघरात हे रोज घडते. गॅसच्या लायटरचा खटका दाबला, की ठिणगी पडते ना? त्यातही असाच तुकडा असतो. लायटरमध्ये खटका दाब देतो, इंजिनात थरथर दाब देते. थरथर जितकी जास्त, तितकी वीज जास्त.

दुसरा संवेदक उष्णता मोजतो. दोन निराळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडून ते टोक तापवले, तर तारांत किंचित वीज निर्माण होते. या तारा इंजिनाच्या मागच्या गरम वायूत ठेवलेल्या असतात. आतली पाती दुखावली, की ती हवा नीट दाबू शकत नाहीत. मग तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी अधिक इंधन जाळावे लागते आणि वायूची उष्णता वाढते.

तिसरी रीत मला फार गमतीची वाटते. इंजिनाच्या कवचात एक संवेदक बसवतात आणि समोरून जाणारे प्रत्येक पाते तो मोजतो. मिनिटाला 5,000 फेरे आणि पाती 36. म्हणजे सेकंदाला 3,000 पाती! प्रत्येक पात्याची यायची वेळ ठरलेली असते. एखादे पाते केवळ एक मिलिमीटर वाकले, तरी ते सेकंदाच्या सुमारे साडेचार लाखाव्या भागाइतके लवकर किंवा उशिरा येते. तेवढाही फरक यंत्राला कळतो. शाळेत उशिरा येणारा मुलगा गुरुजींच्या नजरेतून एखादे वेळी सुटेल, पण हे पाते सुटत नाही. ही रीत मुख्यतः नव्या इंजिनांच्या चाचण्यांत वापरतात.

पण संवेदकाने सांगून भागत नाही. कोणीतरी त्याचे ऐकावेही लागते. 8 जानेवारी 1989 रोजी लंडनहून बेलफास्टला निघालेल्या एका विमानाच्या डाव्या इंजिनातील पंख्याचे पाते तुटले. तेथे परकी वस्तू शिरली नव्हती, धातूच थकून तुटला होता. विमान हादरू लागले, आत धूर आला. डाव्या इंजिनाच्या कंपनमापकाने थरथर अगदी टोकाला गेल्याचे दाखवले. परंतु मापक छोटासा होता. शिवाय जुन्या विमानांतील असे मापक भरवशाचे नसत, म्हणून वैमानिकांना त्यांच्याकडे लक्ष देण्याची सवय नव्हती. त्यांनी चुकून चांगले असलेले उजवे इंजिन बंद केले. योगायोगाने त्याच सुमारास हादरे कमी झाले आणि आपण बरोबर केले, असे त्यांना वाटले.

डाव्या बाजूच्या ठिणग्या काही प्रवाशांनी खिडकीतून पाहिल्या होत्या. कप्तान उजव्या इंजिनाबद्दल बोलतो आहे, हे ऐकून त्यांना नवल वाटले. पण कोणीही पुढे जाऊन सांगितले नाही. धावपट्टी सुमारे चार किलोमीटर उरली असताना डावे इंजिनही बंद पडले. विमान केगवर्थ गावाजवळ महामार्गाच्या बांधावर आदळले. 126 जणांपैकी 47 जण दगावले. यंत्राने खरी खबर दिली होती.

आता थरथर वाढलेली दिसली किंवा पक्षी धडकला, की विमान उतरल्यावर इंजिन तपासतात. तंत्रज्ञ बोअरस्कोप नावाची एक लांब, बारीक नळी इंजिनाच्या छिद्रातून आत सोडतो. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. मग तो आतला पंखा हळूहळू फिरवून एकेक पाते पडद्यावर पाहतो. पात्याच्या कडेला लहानशी खाच दिसली, तर ती मोजतो. खाच ठरलेल्या मर्यादेत असेल, तर तेवढी कड घासून गुळगुळीत करतात, कारण तडा बहुधा टोकदार खाचेपासून सुरू होतो. मर्यादेबाहेर असेल, तर ते पाते बदलल्याशिवाय विमान जागचे हलत नाही, मग प्रवासी कितीही खोळंबोत.

स्वाध्याय

1. वैमानिकांनी इंजिने पुन्हा सुरू करण्याची खटपट का केली?
2. गॅसचा लायटर आणि थरथर ओळखणारा संवेदक यांत कोणते साम्य आहे?
3. एका पंख्याला 24 पाती आहेत आणि तो मिनिटाला 3,000 फेरे घेतो. संवेदकासमोरून एका सेकंदात किती पाती जातील?
4. केगवर्थच्या विमानात तुम्ही खिडकीजवळ बसला असता, तर काय केले असते? पाच-सहा वाक्ये लिहा.