ऊस आणि कास : एकाच घराण्यातले दोघे



गेल्या आश्विनात कामानिमित्त आम्ही मुंबईस गेलो असता मरोळला आपल्याच एका सभासदांच्या चिरंजीवांकडे उतरलो होतो. सकाळी मिठी नदीच्या बाजूला फिरताना पांढऱ्या तुऱ्यांचे रान दिसले. पोरगा म्हणाला, "काका, इथं ऊस कुणी लावला?" पोरगा चुकला, पण फार चुकला नाही. ते कास गवत होते. संस्कृतात त्यालाच काश म्हणतात. उसाचा हा चुलतभाऊ.

जाड, गोड उसाचे मूळ घर न्यू गिनी. कास मात्र आपल्याच मातीतले. जाड ऊस उत्तर हिंदुस्थानच्या हवेत टिकेना, तेव्हा १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र निघाले. तेथे बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड उसाशी कासाचा संकर करून को २०५ ही जात काढली. आज आपल्या शिवारातल्या को ८६०३२ मध्येही कासाचे रक्त आहे. गोडी जाड उसाची. काटकपणा, फुटवे आणि खोडव्याचा जोम बराचसा कासाचा.

असे असले तरी कास फडात शिरले की शत्रूच. ओळख अशी : कासाचे खोड बोरूसारखे बारीक, पान अरुंद, मधली शीर ठळक. चघळले तर गोडी नावालाच. तुरा पावसाळा सरता सरता येतो. शंका राहिली तर बुडाशी खणून बघा. उसाचा फुटवा टिपरीच्या नाहीतर जुन्या बुडख्याच्या डोळ्यातून येतो. कासाचा कोंब जमिनीत आडव्या धावणाऱ्या खोडातून येतो.

इथेच आमची एक चूक सांगतो. काही वर्षांमागे एका सभासदांच्या रानात बांधाकडून थोडे कास आले होते. घाई होती, म्हणून आम्हीच रोटाव्हेटर मारायला सांगितले. रान दोन दिवस छान दिसले. पण आडव्या खोडाचे तुकडे झाले, डोळ्या-डोळ्याला कोंब फुटला आणि खोडव्यात उसापेक्षा कास जास्त दिसू लागले. ते गृहस्थ आम्हाला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

म्हणून सांगणे असे :

१. कास असलेल्या रानात रोटाव्हेटर आधी घालू नका. उन्हाळ्यात खोल नांगरट करून ढेकळे तापू द्या, आडवी खोडे वेचून बांधाबाहेर वाळवून जाळा.

२. बांधावरचे कास तुरा फुलण्याआधी कापा. बी कापसासारखे वाऱ्यावर उडते.

३. लागणीनंतर दिसलेला कोंब नुसता खुरपू नका, कुदळीने मुळासकट काढा. पुन्हा फुटला तर पुन्हा काढा.

४. रान कासाने भरले असेल तर खोडवा धरू नका.

ओढ्या-नदीच्या काठचे कास मात्र उपटू नये. तिथे ते माती धरून ठेवते.

ओळख पटत नसेल तर बुडखा मुळासकट गट ऑफिसात आणून दाखवावा.